‘पर्शिया’ बोटीवरची माणसे

१८८८ साली मुंबईत मोढ वाण्यांच्या ज्ञातीची सभा भरली. सभेपुढे अठरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याला बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला जायचे होते आणि तो ज्ञातीच्या शेटजींचे ऐकत नव्हता. शेटजींनी त्याला वाळीत टाकले. शिवाय जो कोणी त्याला मदत करील किंवा धक्क्यावर निरोप द्यायला जाईल, त्याला एक रुपया चार आणे दंड, असेही फर्मावले. मोहनदास गांधींनी हा प्रसंग आत्मकथेत लिहून ठेवला आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ‘क्लाइड’ बोटीने ते निघाले.

या दंडाच्या आकड्यापाशी मी नेहमी थांबतो. जाणाऱ्याला शिक्षा होणे त्या काळाला धरूनच होते. पण ज्ञातीला धक्क्यावर जाणाऱ्यांनाही आवरावेसे वाटले, कारण निरोप द्यायला जाणे म्हणजे संमती देणे, हे शेटजी पुरते जाणून होते. विलायतेला जाणे ही एकट्याची गोष्टच नव्हती. बोटीत एक चढायचा, पण त्या प्रवासात सारे घर, गल्ली आणि ज्ञात गुंतलेली असायची.

परदेशप्रवासातली अपूर्वाई गेली, अशी हळहळ आज पुष्कळ घरांतून ऐकू येते. मुलगी रात्री मुंबईहून उडते, सकाळी लंडनला उतरते आणि सामान हाती यायच्या आत आईला फोनवर चेहरा दाखवते. पूर्वीचे हार, फोटो, धक्क्यावरची गर्दी, महिनाभराने येणारे पहिले पत्र, यांतले काही उरले नाही. ही हळहळ मला खोटी वाटत नाही. माझ्याही मनात ती आहे. पण नेमके काय गेले, हे ठरवताना केवळ आठवणींवर भिस्त ठेवू नये. आठवण सुखाचे क्षण निवडून ठेवते. कागद मागे राहतात ते निवडून नव्हे, योगायोगाने, आणि म्हणून ते अधिक बोलतात. त्यासाठी इथे मुख्यतः एका बोटीचा माग काढला आहे.

‘पर्शिया’ ही पी अँड ओ कंपनीची बोट. स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक इथे केअर्ड कंपनीच्या गोदीत ती १९०० साली बांधली गेली. नोंदीतले टनेज सुमारे आठ हजार, लांबी पाचशे फुटांच्या आसपास. ‘इंडिया’, ‘चायना’, ‘इजिप्त’ आणि ‘अरेबिया’ या तिच्या बहिणी. मुंबई आणि इंग्लंड यांच्यामध्ये टपाल आणि माणसे वाहून नेणे हे तिचे काम. मराठी वाचकाला या बोटीबद्दल जिव्हाळा वाटावा असे कारण आहे. विठ्ठल रामजी शिंदे सप्टेंबर १९०१मध्ये हिच्यातून गेले आणि ९ जून १९०६ रोजी विनायक दामोदर सावरकर मुंबईहून निघाले तेही हिच्यातूनच. दोघांनीही लिहून ठेवले, म्हणून आपल्याला ही बोट थोडीफार आतून दिसते.

शिंदे तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. जमखंडीचे घर, पत्नी रुक्मिणीबाई, नुकतेच स्वीकारलेले प्रार्थनासमाजाचे काम, हे सगळे मागे ठेवून ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला निघाले होते. त्यांनी रोजनिशी ठेवली, विलायतेहून ‘सुबोधपत्रिके’ला पत्रे पाठवली आणि पुढे ‘माझ्या आठवणी व अनुभव’ लिहिले. म्हणजे एकाच प्रवासाचे तीन वेगळे कागद आपल्यापुढे आहेत. त्याच दिवशी स्वतःसाठी लिहिलेला पहिला, काही दिवसांनी समाजबांधवांसाठी लिहिलेला दुसरा आणि कित्येक वर्षांनी मागे वळून लिहिलेला तिसरा. असा संच फार थोड्या प्रवाशांचा मिळतो. अभ्यासकाने या तिन्हींना एकाच मापाने मोजू नये. पत्रांतला शिंद्यांचा उत्साह जाहीर आहे, कारण ती पत्रे छापली जाणार हे त्यांना ठाऊक होते. रोजनिशीला वाचक नव्हता, आणि आठवणी लिहिणाऱ्याला पुढच्या सगळ्या आयुष्याचा निकाल माहीत होता.

त्या काळी जाणाऱ्याच्या हाती कोणते कागद असत? तिकीट आणि सामानाच्या चिठ्ठ्या. पासपोर्ट सक्तीचा नव्हता. हिंदुस्थानात त्याचे नियम पहिल्या महायुद्धात आले आणि पासपोर्टचा कायदा झाला तो १९२० साली. शिंदे किंवा सावरकर यांना सरकारी परवानगीच्या खिडकीपुढे उभे राहावे लागले नाही. त्यांना अडवू शकत होती ती पैशांची चणचण आणि ज्ञात. १८९६ पासून मुंबईत प्लेग होता, त्यामुळे बंदर सोडणाऱ्याची वैद्यकीय तपासणी मात्र होई. सामानाची विभागणी ठरलेली असे. खोलीत लागणारे वेगळे, मधूनमधून लागणारे वेगळे आणि मुक्कामापर्यंत न लागणारे वेगळे. प्रत्येक ट्रंकेवर तशी चिठ्ठी चिकटवायची. न लागणारी ट्रंक तळघरात गेली की दोन आठवडे तिचे तोंड दिसायचे नाही. गांधींनी तर पांढरे फ्लॅनेलचे कपडे उतरताना घालायचे म्हणून खास जपून ठेवले. सप्टेंबरअखेरीस इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरल्यावर तसे कपडे घातलेले आपण एकटेच आहोत हे त्यांना कळले. बाकीचे कपडे सामानात, सामान एजंटाकडे आणि दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारपर्यंत त्यांना त्याच पांढऱ्या कपड्यांत वावरावे लागले.

गांधींच्या या प्रवासाचेही दोन कागद आहेत. आत्मकथा लिहिली ती सुमारे सदतीस वर्षांनी. तीत लाजाळूपणा आहे, काटे-चमचे येत नाहीत म्हणून खोलीतच घरून नेलेली मिठाई आणि फळे खाणे आहे, इंग्रजी बोलण्याची भीती आहे. दुसरा कागद म्हणजे लंडनला पोचल्यावर दीडेक महिन्यात सुरू केलेली दैनंदिनी. ती मूळ सुमारे १२० पानांची होती. नक्कल करून ठेवलेली वीसेक पाने तेवढी राहिली, बाकीची गेली. या वीस पानांतला मुलगा वेगळा आहे. तो डोळे विस्फारून बघतो. एडन, सुएझचा कालवा, पोर्ट सैद, माल्टा, जिब्राल्टर, सगळे टिपून ठेवतो. रात्री कालव्यातून जाताना बोटीच्या नाकावर लावलेल्या विजेच्या झगझगीत दिव्याचे त्याला नवल वाटते. ते नवल अगदी ताजे होते, कारण अशा दिव्यांच्या आधाराने रात्री कालवा ओलांडण्याची सोय १८८७मध्येच झाली होती. दैनंदिनी उरली नसती तर गांधींचा पहिला प्रवास आपण केवळ संकोचाची कहाणी म्हणून वाचला असता. मागे राहिलेल्या वीस पानांनी त्यातला आनंद वाचवला.

मुंबईहून जाणाऱ्या बोटीचा मार्ग वर्षानुवर्षे तोच होता. मुंबई ते एडन सुमारे साडेसोळाशे सागरी मैल आणि तोवर जमिनीचे दर्शन नाही. पावसाळ्यात हा टप्पा फार वाईट. सावरकर जूनमध्ये निघाले होते, म्हणजे ऐन मोसमी वाऱ्यांच्या तोंडाशी. एडनला कोळसा, पाणी आणि टपाल. पुढे तांबडा समुद्र, तिथला उकाडा, आणि मग सुएझ. कालव्यात बोट इतकी हळू चाले की दोन्ही तीरांवरची माणसे ओळखू यावीत. पोर्ट सैदला पुन्हा कोळसा. तिथे १८९९ पासून कालवा खोदवणाऱ्या लेसेप्सचा पुतळा उभा होता, आणि तो दिसला की आशिया संपला. भूमध्य समुद्रात हवा बदले आणि लोक गरम कपडे बाहेर काढत. मार्सेयला पुष्कळसे प्रवासी उतरून रेल्वेने पॅरिसमार्गे इंग्लंडला जात आणि स्पेनला वळसा घालण्यातले दिवस वाचवत. शिंदे आणि सावरकर दोघेही असेच गेले. त्यामुळे अभ्यासकाची एक अडचण होते. इंग्लंडच्या बंदरांत उतरणाऱ्यांच्या १८७८ पासूनच्या याद्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पण मार्सेयला उतरलेला माणूस त्या याद्यांतून निसटतो. त्याची वाट त्याच्याच पत्रांतून शोधावी लागते.

सावरकरांच्या ‘शत्रूच्या शिबिरात’ या आठवणींत बोटीवरच्या दिवसांचे जे वर्णन आहे, त्यातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. त्यांच्याबरोबर हरनामसिंग नावाचा एक पंजाबी तरुण होता. घरच्या आठवणीने तो इतका व्याकूळ झाला की वाटेतल्या बंदरात उतरून परत जावे, असे त्याने मनात घेतले. सावरकरांनी त्याची समजूत घातली. स्वतः सावरकरही बायको आणि लहानगा मुलगा प्रभाकर यांना मागे ठेवून आले होते. ‘तारकांस पाहून’ ही त्यांची कविता याच बोटीवरची. आपण ज्याला प्रवासाचा थरार म्हणतो, त्यात हा कढ मिसळलेला होता. दोन आठवडे जमीन इंचाइंचाने मागे पडताना पाहायची आणि मनात आले तरी सहजी परतता यायचे नाही. आजच्या प्रवासात हे दिवसच नाहीत. अंतर आपण ओलांडतो खरे, पण अंतर जाणवायला लागणारा वेळ आपल्याला मिळत नाही.

बायकांच्या बाबतीत ही किंमत आणखी चढी होती. १८८३च्या एप्रिलमध्ये दोन मराठी बायका आपापल्या वाटेने परदेशी निघाल्या. आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला ‘सिटी ऑफ कलकत्ता’ने कलकत्त्याहून निघाल्या, वय अठरा. त्याच महिन्यात पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. आनंदीबाई लंडनमार्गे ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, म्हणजे अठ्ठावन्न दिवसांनी. दोघींचेही कागद आहेत. रमाबाईंचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्र त्याच वर्षी छापले गेले. आनंदीबाईंची पत्रे काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या १९१२च्या चरित्रात आली. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेले इंग्रजी भाषण. तू का जातेस, इथे शिकता येणार नाही का, एकटी का जातेस, परत आल्यावर वाळीत टाकले तर काय करशील, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे जाहीरपणे सांगितले. अठराव्या वर्षी प्रवासाला निघताना भरसभेत जबाब द्यावा लागणे, हाही त्या ‘गेलेल्या काळा’चाच भाग आहे. तो वगळून हळहळ करता येणार नाही.

आता ‘पर्शिया’कडे परत येतो, कारण तिचा शेवट आणि तिच्यावरची सर्वांत अबोल माणसे यांचा संबंध आहे.

डिसेंबर १९१५मध्ये ही बोट लंडनहून मुंबईला निघाली. युद्ध सुरू होते. कपूरथळ्याचे महाराज जगतजितसिंग मार्सेयला उतरले म्हणून वाचले, त्यांचे जवाहिर मात्र बोटीतच राहिले. ३० डिसेंबरला, क्रीट बेटाच्या दक्षिणेला, दुपारी एकच्या सुमारास लोक जेवणाच्या टेबलाशी बसत असताना यू-३८ या जर्मन पाणबुडीने पूर्वसूचना न देता पाणतीर मारला. काही मिनिटांत बोट बुडाली. वर ५१९ माणसे होती, त्यांतली ३४३ गेली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना युद्धनौकेने उचलून अलेक्झांड्रियाला नेले. ब्युलीचे लॉर्ड माँटेग्यूही वाचले. त्यांच्याबरोबरची एलिनॉर थॉर्नटन बुडाली. रोल्स-रॉइसच्या बॉनेटवरची मूर्ती तिच्यावरून घडवली असे मानले जाते. २००३मध्ये सुमारे तीन हजार मीटर खोलीवरून या बोटीतला काही माल वर काढला गेला आणि इंग्लंडमध्ये बकलर्स हार्ड इथल्या संग्रहालयात मांडला गेला. तिची बहीण ‘इजिप्त’ १९२२मध्ये टक्कर होऊन फ्रान्सजवळ बुडाली. तिच्यातले मुंबईला चाललेले सोने काढायला पुढे इटालियन पाणबुडे उतरले, तेही साऱ्या जगाने वाचले.

महाराज, लॉर्ड, मूर्ती, जवाहिर, सोने, सगळ्यांच्या कथा शाबूत आहेत. पण ती बोट चालवत कोण होते? पी अँड ओच्या मुंबईच्या बोटींवर डेकवर काम करणारे खलाशी कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, त्यात रत्नागिरीकडचे पुष्कळ. भट्टीवर कोळसा ओढणारे पंजाब आणि सरहद्दीकडचे. जेवणघरात वाढणारे आणि स्वयंपाकघरात राबणारे गोव्याचे. खलाशांवर सारंग, त्याच्या हाताखाली टिंडल. गोवेकर मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागातल्या आपापल्या गावच्या सामाईक निवासांत, म्हणजे कुडांत, राहून पुढच्या बोटीची वाट बघत. यांच्यासाठी मार्सेय आणि लंडन ही कामाची ठिकाणे होती. त्यांनी किती वेळा समुद्र ओलांडला, हे मोजले तर विलायतेचे पहिले मराठी-कोकणी प्रवासी म्हणून मान त्यांचाच. त्यांना कोणी वाळीत टाकले नाही आणि त्यांच्या परतण्याचे सत्कारही झाले नाहीत.

त्यांच्या राहण्याच्या जागेचा हिशेब मात्र कायद्यात लिहिलेला सापडतो. ब्रिटिश खलाशाला १८९४च्या कायद्याने बोटीवर राहायला ७२ घनफूट जागा हक्काची होती. हिंदी खलाशासाठी हिंदुस्थानच्या कायद्यात ३६ घनफूट. नेमके निम्मे. पी अँड ओ आणि ब्रिटनचे व्यापारखाते यांच्यात यावरून वाद झाला. छत्तीस घनफूट म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच एवढीच जागा. शिंदे आणि सावरकर डेकवर उभे राहून तारे पाहत होते, तेव्हा त्यांच्या पायांखाली हीच मापे चालू होती. पगारही गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. बोटप्रवास मध्यमवर्गाला परवडण्याजोगा आणि साहेबाला ऐषारामाचा झाला तो या हिशेबावर. ही गोष्ट आपल्या हळहळीत कधी येत नाही, आणि माझ्या मते या हळहळीतली खरी उणीव हीच आहे.

युद्धाने लिहिणाऱ्यांनाही सोडले नाही. १९१७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले ते ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने, सुखरूप. त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने निघाले होते. तिला पाणतीर लागला आणि त्यांची पुस्तके बुडाली. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पोटाला चिमटा काढून जमवलेला तो संग्रह होता.

पुढचे थोडक्यात सांगता येते. मुंबईचा बॅलार्ड पियर धक्का गजबजला. १ सप्टेंबर १९२८ पासून फ्रंटियर मेल धावू लागली आणि शरद ऋतूच्या महिन्यांत ती थेट बॅलार्ड पियरवरून पेशावरला निघे, बोटीतून उतरलेल्या साहेबांसाठी. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पस्तीस प्रवाशांना घेऊन कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. एकेरी भाडे १,७२० रुपये. १९६० साली बोइंग ७०७ आले. धक्क्यावरची गर्दी सांताक्रूझच्या विमानतळावर गेली, तशीच हार घेऊन. जून १९६७मध्ये सुएझ बंद पडला आणि आठ वर्षे बंदच राहिला. बोटींना आफ्रिकेला वळसा घालणे आले. आधीच डबघाईला आलेली बोटीची वाट तेवढ्याने मिटली.

म्हणून मला वाटते, जे गेले ते केवळ बोटीचे सुख किंवा नव्या देशाचे नवल नव्हे. नवल आजही वाटू शकते, पाहणारे डोळे असले तर. गेली ती जोखीम, आणि ती इतरांनी वाटून घेण्याची रीत. एक रुपया चार आणे दंड सोसून धक्क्यावर येणारा माणूस आज लागत नाही. दंड नाहीसा झाला हे चांगलेच झाले, आनंदीबाईंना द्यावा लागला तसा जबाब आज कोणा मुलीला द्यावा लागत नाही हे त्याहून चांगले. पण त्याबरोबर निरोपाचे वजनही गेले, आणि ते परत आणता येणार नाही. जे करता येईल ते एवढेच, की जुन्या प्रवासाचे चित्र अर्धे ठेवू नये.

मुंबईत मशीद बंदरजवळ, हिंदी खलाशांच्या निवासगृहात, पहिल्या महायुद्धात समुद्राखेरीज ज्यांना कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. ‘पर्शिया’सारख्या बोटींवरच्या आपल्या खलाशांची आठवण तिथे ठेवलेली आहे. सारंग, टिंडल, वाढपी आणि कोळसा ओढणारे यांची पत्रे आणि रोजनिश्या फारशा सापडत नाहीत. सापडतात ती त्यांची सेवापुस्तके, ज्यांना जहाजी लोक नल्ली म्हणत. कोणत्या बोटीवर, किती महिने, कोणत्या हुद्द्यावर आणि वागणूक कशी, एवढे त्यात लिहिलेले असते. त्यातून एका माणसाचे सगळे समुद्रावरचे आयुष्य उभे करता येते. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, गोवा, मुंबई, जिथे कुठे आपल्या घरी पणजोबांची अशी नल्ली, मनीऑर्डरची पावती किंवा एखाद्या परक्या बंदरातले पोस्टकार्ड असेल, ते रद्दीत जाऊ देऊ नका. आधी त्याचा फोटो काढून ठेवा, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यावरचे नाव आणि गाव लिहून घ्या आणि मग ते जवळच्या ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला द्या.